जोडीचा अंगठा

माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला मी आधी पाणी देते आणि मग डोळे मिटायला सांगते.

लोक बिचकतात. निजामाच्या या जुन्या शहरात, आबिड्सच्या एका गल्लीत, जिना चढून गेलं की माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक खोली, टेबल, कपाट, चार खुर्च्या आणि एक मोठी खिडकी. म्युच्युअल फंडात पैसे गुंतवायला आलोय की कुणा बाबाच्या दर्शनाला, असा चेहरा होतो त्यांचा. मी म्हणते, "मिटा हो, पाकीट मारत नाही मी. पैसे कशाला पाहिजेत ते नंतर. पैसे हाताशी आलेत असं धरा. तुम्ही कुठे बसलायत, ते बघा आणि मला सांगा."

मग खोलीत वेगळीच शांतता येते. खाली रिक्षावाल्यांची कटकट चालू असते, खिडकीच्या छज्ज्यावर कबुतरं घुमत असतात, आणि मघाशी टॅक्स वाचेल का म्हणून माझ्याशी हुज्जत घालणारा माणूस डोळे घट्ट मिटून बसलेला असतो. कोठीतल्या एका दवाखान्यातली नर्स एकदा म्हणाली, "मी बसलेय... आणि मला कुणी हाक मारत नाहीये." एवढंच. कोठीतलाच जुन्या पुस्तकांचा दुकानदार म्हणाला, "दुकानातच बसलोय की. गिऱ्हाईक नाही. पण आज त्याचं काही वाटत नाहीये मला."

अर्जांच्या भाषेत याला 'उद्दिष्ट' म्हणतात आणि लोक तिथे 'निवृत्ती' लिहून मोकळे होतात. मला ते कधी पटलं नाही. निवृत्ती डोळ्यांपुढे दिसते का कुणाला? खुर्ची दिसते, दार दिसतं, दारातली चप्पल दिसते.

पद्धत माझी असली तरी खोड जुनी आहे. जामबागच्या मराठी शाळेत मी शिकले, तिथेही माझी जागा खिडकीशीच. सुलेखनाचे सोळंके सर फळ्यावर झोकात 'क्ष' काढायचे आणि मी बाहेर तारेवरच्या चिमण्या बघत बसायची. सर म्हणायचे, "उतरा बाई, खाली उतरा! ढगातून वर्गात या!" आता त्याच ढगांवर माझं पोट चालतं, हे पुढे मीच त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. सर सहसा हसत नसत.

धंदा तसा सोपा आहे. पुष्कळ लोकांचे थोडे थोडे पैसे एका टोपलीत जमा होतात. जाणकार माणसं त्यातून निरनिराळ्या कंपन्यांचे शेअर, सरकारी रोखे वगैरे घेतात आणि ज्यानं जेवढं घातलं तेवढा त्याचा टोपलीत वाटा. एकदम घाला, नाहीतर दर महिन्याला ठरल्या तारखेला बँकेतून आपोआप जाऊ द्या. म्हातारपणी उलटं करता येतं, दर महिन्याला टोपलीतून थोडं घरी येत राहतं. बाजार खाली गेला की टोपलीही हलकी होते, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. ज्याला त्या बोलण्यानं धडकी भरते, त्याला मी सरळ बँकेची वाट दाखवते.

कोठीतल्या गिरिधरशेठना मात्र टोपलीचंच कोडं पडलं. साड्यांचं दुकान, तिथेच केस पिकलेले. त्यांना कळलं की फंडात आज पैसे द्यायचे आणि भाव बाजार बंद झाल्यावर, दिवसभराचा हिशेब लागल्यावर ठरणार. शेठ खुर्चीतून उठलेच.

"ताई, भाव विचारल्याशिवाय माझी आई कोथिंबीरसुद्धा घेत नव्हती!"

मग मी त्यांना ईटीएफ दाखवला. टोपली तशीच, पण तिचे वाटे शेअरसारखे बाजारात विकायला मांडलेले. शेअर ठेवायचं डीमॅट खातं उघडायचं, आणि बाजार चालू असताना समोर दिसेल त्या भावाला घ्यायचं, विकायचं. शेठ खूष. भाव दिसतो, वर-खाली होतो, थांबता येतं, म्हणजे हा तर आपलाच धंदा! पुढे काय झालं, ते त्यांच्या बायकोनं येऊन सांगितलं. शेठ दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसत. गिऱ्हाइकानं नऊवारी मागितली की परकराचं कापड काढून देत. पाच पैसे खाली आले की जेवण जायचं नाही, पाच पैसे वर गेले की आणखी जायचं नाही.

"ताई, तुमच्या पाया पडते, यांना भाव न दिसणारं काहीतरी द्या हो!"

शेठ आता साध्या फंडात आहेत, दर महिन्याला आपोआप जातात पैसे. ईटीएफ वाईट नाही हां, खर्चाला तर स्वस्तच. पण घासाघीस ज्याच्या रक्तात आहे, त्यानं तो घेऊन कपाटात टाकावा आणि किल्ली बायकोला द्यावी.

आणि आमचा निनाद. पुण्याचा मुलगा, इथे आयटीत. मराठी पुस्तक हातात दिलं तर अडखळत वाचतो, पण तोंडानं फर्डा. पहिल्याच भेटीत म्हणाला, "काकू, मी ॲपवरून डायरेक्ट घेतो. मधे कुणी नाही, खर्च कमी. मग तुमचं नक्की काम काय?"

"बरोबर बोलतोस बाबा," मी म्हटलं. "माझ्यातर्फे घेतलंस तर तुझ्या पैशातला चिमूटभर दरवर्षी माझ्याकडे येतो. लपवायचं काय त्यात? तुला जमतंय तर तूच कर."

मग बाजार कोसळला, तेव्हा हाच पठ्ठ्या भरदुपारी जिना चढून आला. ॲप उघडं, चेहरा पांढराफटक. "काकू, सगळं लाल दिसतंय. काढून टाकू?" मी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली आणि विचारलं, "तू डोळे मिटून मला काय सांगितलं होतंस?" त्यानं बिस्किट चहात बुडवलं. "तळ्याकाठी बसलोय म्हणालो होतो," तो म्हणाला. "तळं आटलंय का?" "नाही." काढले नाहीत त्यानं पैसे. जाताना मात्र वळून विचारलं, "आणि काकू, तुम्ही कुठे बसलाय?" दुसऱ्यांची दारं-अंगणं बघण्यात आयुष्य गेलं, स्वतःसाठी डोळे मिटायचे राहूनच गेले, याची रुखरुख तेव्हापासून लागली ती लागलीच.

आता सोळंके सरांचं सांगते. खरं तर तेच सांगायला बसले होते.

निवृत्त झाल्यावर सर सुमनकाकूंना घेऊन माझ्याकडे आले. मूलबाळ नाही, शाळेतली पोरं हीच पोरं. जामबागेत एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, लिफ्ट नाही. मी सवयीनं म्हटलं, "सर, डोळे मिटा."

"आम्हाला स्वप्नं-बिप्नं नाहीत," सर म्हणाले. "अर्ज आण."

काकूंनी मात्र मिटले होते. "मी खाली बसलेय," त्या म्हणाल्या. "तळमजल्यावर. दारात. पाय जमिनीला टेकलेत, आणि येणारा-जाणारा 'काय काकू' म्हणतोय." मग एक डोळा उघडून सरांकडे बघत, "एवढंच गं. जिना नको."

"वर वारा किती येतो!" सर म्हणाले.

"वाऱ्याशी काय बोलू मी?"

तेवढ्यावर ठरलं. तळमजल्यासाठी पैसे लावायचे. खातं दोघांच्या नावावर. आता अशा खात्यात पैसे काढताना सही कुणाची, हे आधीच लिहून द्यावं लागतं. 'दोघांपैकी कुणीही' असं लिहिलं तर एकाच्या सहीवर काम होतं. 'दोघांनी मिळून' लिहिलं तर दोघांच्या सह्या लागतात, एक जरी नसली तरी पैसे हलत नाहीत. मी सगळ्यांना पहिलंच सांगते. सरांनाही सांगितलं.

सर म्हणाले, "पूजेला बसल्यावर गुरुजी काय सांगतात? 'बाई, यजमानांच्या हाताला हात लावा.' पळीभर पाणी सोडायचं तरी हिचा हात माझ्या हाताला लागतो, तेव्हा कुठे ते दोघांचं होतं. आणि पैशाच्या वेळी मी एकट्यानं सही ठोकू? दोघांनी मिळून लिही."

"सर, उद्या कुणी आजारी पडलं..."

"बाई, ढगातून अभद्र बोलू नका."

माझ्या मारवाडी गिऱ्हाइकांपैकी कुणी हा पर्याय घेतलेला मला आठवत नाही. आमची मराठी जोडपी मात्र हटकून हाताला हात लावायला जातात. सरांनी सही केली. ती बघण्यासारखी असायची. शाईचं पेन, सोळंकेतल्या 'ळ'ला डौलदार वळण, खाली एक बारीक रेघ, आणि वाळेपर्यंत कागदावर फुंकर. एकदा म्हणाले, "माझे वडील भोकरकडचे शेतकरी. निजामाच्या कचेरीत अंगठा उठवायचे, आणि घरी आल्यावर तो अंगठा धोतराला पुसत बसायचे. शाई गेली तरी पुसायचे. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी." पोरांच्या अक्षरासाठी सर एवढे का झटायचे, ते मला त्या दिवशी कळलं.

गेल्या संक्रांतीनंतर सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून आणल्यावर शेजारच्या चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं, आणि ते वरच राहिले. डॉक्टर म्हणत होते, रोज बाहेर आणा, माणसांत बसवा, व्यायामाला न्या. कसं आणणार? मी भेटायला गेले की सर खिडकीशी पलंगावर. खाली गल्लीत भाजीच्या गाड्या, शाळा सुटलेली पोरं, आणि सर वरून बघतायत. ज्या माणसानं मला जन्मभर खाली बोलावलं, तोच आता तिथे वर अडकलेला.

आणि नेमकं त्याच इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या विकायला निघाल्या. मालक खादरसाहेब, सरांचे जुने शेजारी. ते म्हणाले, "मास्टरसाब के वास्ते उगादी तलक रुकतौं मैं. उसके बाद मेरेकू मजबूर नक्को करो, बेटी की शादी है." उगादी म्हणजे आपला पाडवा. वरचं घर विकून पैसे यायला वेळ लागणार होता. फंडात तळमजल्यापुरतं जमलेलं होतं. फक्त काढायचे होते, दोघांनी मिळून.

हल्ली फोनवर आकडे येतात, ते घातले की काम होतं. पण सरांनी नंबर दिलेला घरच्या जुन्या फोनचा, तो कधीच बंद पडला. डाव्या हाताची नवी सही करून बँकेकडून दाखला घेता येतो, म्हणून काकूंनी पाटी-पेन्सिल आणली. सर बसले गिरवत. दर वेळी निराळी सही. 'ळ' कधी पोट टाकायचा, कधी पाठ. शेवटी पाटी त्यांनीच पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं. सुलेखनाच्या सरांना ती सही स्वतःची म्हणवेना.

मग एकच वाट राहिली. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर अंगठा.

"अं...गठा... नाही," सर म्हणाले. जड जिभेनं, पण लख्ख.

मी समजावलं, खादरसाहेबांनी समजावलं. "सर, अहो सगळे देतात, यात कमीपणा कसला?" एक ना दोन. पाडवा तोंडावर आला तशी मी सरांच्या बँकेतल्या अधिकारी पद्मजागारूंना, 'गारू' म्हणजे इकडचं 'बाई', घरी यायची विनंती केली. बिचाऱ्या तीन जिने चढून धापा टाकत आल्या, पदरानं वारा घेत सरांजवळ बसल्या. मी कागद मांडले, शाईचा पॅड उघडला.

सरांनी डाव्या हाताची मूठ आवळली.

पद्मजागारू थांबल्या. हळूच म्हणाल्या, "सर, आपकी मर्जी नहीं है तो मैं नहीं ले सकती. हाथ पकडके तो बिल्कुल नहीं." बरोबरच होतं त्यांचं. कुणी दुसऱ्यानं हात धरून उठवलेला अंगठा हा अंगठाच नव्हे. त्या पिशवी आवरायला लागल्या. त्या उठल्या असत्या तर तळमजला गेलाच होता, आणि सर त्या खिडकीशी किती दिवस पुरले असते, देव जाणे.

तेवढ्यात सुमनकाकूंनी पॅड आपल्याकडे ओढला. अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर स्वतःच्या नावापुढे दाबून उठवला.

"काकू! अहो, तुमची सही चालते!" मी ओरडलेच.

पद्मजागारूही गडबडल्या, "अम्मा, आप क्यूं? आपका साइन है ना!"

"चालते तर चालू दे," काकू म्हणाल्या. "मला एकटीला नाही चालायचं." मग सरांकडे वळल्या. "लग्न करून या घरात आले तेव्हा मी अंगठाच लावत होते. आठवतंय? चुलीपुढे बसवून तुम्ही मला सही शिकवलीत. तोवर किती ठिकाणी माझा अंगठा तुमच्या सहीशेजारी लागला. तेव्हा लाज वाटली होती का तुम्हाला माझी?"

सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता, चालता हात तो एकच आणि तोही मुठीत आवळलेला. खाली भाजीवाला ओरडत होता. मग मूठ सैल झाली. काकू हात मागे घेऊन बसल्या होत्या, मुद्दाम, पदरात गुंडाळून. सरांनी आपला आपण अंगठा पॅडवर नेला, तिथून कागदावर, आणि काकूंच्या अंगठ्याशेजारी टेकवला. मग सवयीनं वाकून त्यावर फुंकर घातली.

"अपनी मर्जी से, सर?" पद्मजागारूंनी विचारलं.

"हौ," सर म्हणाले.

त्यांनी दोन्ही अंगठ्यांचे दाखले लिहिले, शिक्के मारले. फंडाच्या ऑफिसातून मला फोन आलाच, "मॅडम, यातल्या बाईंची सही तर आमच्या रेकॉर्डला आहे की, मग अंगठा कशाला?" मी म्हटलं, "बँकेचा दाखला आहे ना सोबत? मग पुढे सरकवा. ती जोडी आहे, तुम्हाला नाही कळायचं." पैसे पाडव्याच्या आधी आले. खादरसाहेबांनी पाडव्याच्या सकाळी किल्ली आणून दिली आणि सरांच्या हातात खजुराचा डबा ठेवला.

वैशाखात नव्या घराची पूजा होती. मी गेले तेव्हा सर दारात खुर्चीवर बसलेले, शेजारी पायरीवर काकू. दोघांचे पाय जमिनीला टेकलेले. गल्लीतून जाणारी एक बाई "काय काकू, आलात का खाली?" म्हणाली, आणि काकूंनी माझ्याकडे अशा ऐटीत पाहिलं की मीही हसले.

पूजेला गुरुजी नवे होते, परभणीकडचे, तरुण. सरांना पाटाऐवजी खुर्ची, काकू शेजारी पाटावर. काकूंनी पळीत पाणी घेतलं आणि रोजच्यासारखी ती सरांच्या हातात द्यायला गेल्या. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. सरांनी डाव्या हातानं पळी हलकेच परत काकूंकडे वळवली.

गुरुजी घुटमळले. "तसं नाही चालत... म्हणजे, संकल्प सोडायचा तर यजमान कोण धरायचे मी?"

"ही," सर म्हणाले. एवढा स्वच्छ शब्द झटक्यानंतर त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

काकूंनी पळी ताम्हनावर धरली. सर खुर्चीतून वाकले आणि त्यांनी आपला डावा हात काकूंच्या हाताला लावला. मग काकूंनी पाणी सोडलं.